दहाचा थेंब

माझा आवाज मोठा. आळंदला आमच्या गल्लीत मी स्वयंपाकघरात बोलले तरी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जातं, असं आई म्हणायची. हाच आवाज एका वर्षी मी कॉम्प्युटरात भरला आणि दर दोन तासांनी तो आपोआप वाजेल अशी सोय केली. त्या दिवसांचा विषय निघाला की अजूनही मला एका जागी बसवत नाही. हसू येतं, अंगावर काटा येतो, आणि थोडा रागही येतो. राग अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील.

झालं असं, की तुरीची रास करताना आईच्या डोळ्यात टरफल उडालं. उजव्या डोळ्यात. डावा डोळा तिचा लहानपणीच गेलेला, त्यात मोठं पांढरं फूल पडलेलं. उजवाच काय तो कामाचा. तिनं पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेनं शेकला, पाणी मारलं आणि कुणाला काही न सांगता राशीवर बसून राहिली. डोळा लालभडक होऊन मिटायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. मी इतकी चिडले की तिला धड रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी सोलापूरला नेली.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सरळच सांगितलं, "बुबुळाला जखम झालीय, त्यात बुरशी लागलीय. थेंब देतो. दिवसभर दर दोन तासांनी, घड्याळ लावून घालायचे. एकही चुकवायचा नाही. जखम भरली तर नजर राहील. मधोमध फूल पडलं तर मावशी, हाही डोळा गेला समजा."

 बसमध्ये अक्कलकोट गेल्यावर आईनं माझा हात धरला तो आळंद येईपर्यंत सोडला नाही.

आता पंचाईत अशी, की मी गुलबर्ग्याला नोकरीला. एका संस्थेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. सकाळी साडेसातची बस, परत यायला सहा. अप्पा शेतात. सकाळी सहाचा थेंब मी घालणार, संध्याकाळी सहाचा आणि पुढचे मी घालणार, पण मधल्या आठ ते चारचं काय? आईला घड्याळाचे काटे दिसत नव्हते. भिंतीवर काहीतरी गोल आहे एवढंच तिला कळायचं. शेजारची अक्का मदतीला होती, पण ती एकदा बोलायला बसली की तिला दुपार कुठे गेली ते कळत नसे.

"मी नोकरी सोडते," मी म्हणाले.

आई अशी उसळली! "कामून सोडतीस? गल्लीतली पयली पोरगी नोकरीला जायलीय, आन् माझ्या डोळ्यापायी चुलीम्होरं बसणार व्हय? मी न्हाई घालत थेंब जा!"

ती खरंच घालणार नाही, हे मला ठाऊक होतं. हट्ट माझ्यात आलाय तो तिच्याकडूनच. मी तशीच धुसफुसत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. नवा नव्हता तो. संस्थेनं जुने काढून टाकले त्यातला एक मी घेतला होता, आणि बसच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून आणला होता. तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा कॉम्प्युटर नव्हता. आणि बसल्याबसल्या डोक्यात आलं: अगं, हे यंत्र नेमून दिलेल्या वेळी नेमून दिलेलं काम करतं की! मीच तर पोरांना शिकवते! ठरल्या वेळी अमुक फाईल उघड म्हटलं की उघडतं. मग ती फाईल गाण्याची असो नाहीतर माझ्या आवाजाची!

लगेच माईक जोडला आणि ओरडले, "आई, थेंब घाल गं! उताणी नीज, डोळा उघड, एकच थेंब!" नेमकी त्याच वेळी अक्काची शेळी दारात येऊन ओरडली. पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा शेळी. शेवटी म्हटलं राहू दे. मोठे स्पीकर जोडले, आठ, दहा, बारा, दोन, चार अशी पाच कामं लावून दिली आणि बघत बसले. पहिल्यांदा ते आपोआप वाजलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या. आई पलंगावरून म्हणाली, "घालायले गं, वरडू नको."

दोन दिवसांत गल्ली त्यावर चालायला लागली. "पोरगी वरडली, बारा झाले," म्हणून बायका पोळपाट काढायच्या. अक्काची शेळी तर स्वतःचाच आवाज ऐकून उत्तर द्यायची. आई त्या आवाजाशी भांडायची. मी बसमधून उतरले की अक्का हात करून सांगायची, "तुझी माय तुझ्यासंगं दिवसभर भांडायलीय बग!"

एकच अडचण होती, लाईट. सकाळी साडेआठला जायची ती पावणेदहाच्या सुमाराला यायची. दुपारीही तसंच. माझा यूपीएस स्वस्तातला, दहा-पंधरा मिनिटांत दम टाकायचा. म्हणून मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, की यूपीएस संपत आला की तू हायबरनेट हो. म्हणजे जे काही चाललंय ते सगळं जसंच्या तसं आत साठवून झोपून जा. लाईट आली की कुणीतरी बटण दाबायचं, की उठून परत तिथूनच सुरू. सकाळचं बटण अप्पा दाबायचे, कारण ते शेतातून भाकरी खायला त्याच वेळी घरी यायचे. दुपारचं अक्का दाबायची. दोघांनाही मी रीतसर शिकवलं होतं. अप्पांना तर माऊसही शिकवला. त्यांना फार आवड. कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली की मोठं गोल घड्याळ उघडतं, हे त्यांना इतकं आवडलं होतं की पाहुणे आले की ते उघडून दाखवायचे.

आठवडा गेला. सोलापूरला दाखवायला नेली. डॉक्टरांनी पिवळं औषध डोळ्यात सोडून दिव्याखाली बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "जखम वाळत नाही. थेंब चुकतायत का?"

"न्हाई जी," आई लगेच म्हणाली. "येळच्या येळी घालायले."

"पुढच्या खेपेला असंच दिसलं तर हैदराबादला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. तिथंही खात्री देता येत नाही."

त्या दिवशी घरी आल्याआल्या मी कॉम्प्युटर उघडला. कामांची यादी काढली आणि माझं डोकं भणभणलं. आठचं झालेलं. बाराचं, दोनचं, चारचं झालेलं. दहाच्या कामासमोर लिहिलेलं: चुकलं. मागचं आठवायला गेले तर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यंत्र झोपेतून उठलं की एक चौकट पडद्यावर यायची, ठरलेली कामं राहून गेलीत म्हणून सूचना देणारी. ती मी एक-दोनदा बघितलीही होती आणि लाईटचा परिणाम म्हणून बंद केली होती.

"अप्पा, सकाळी ही चौकट येते का?"

"येतीय की रोज. इंग्लिशमधी हाय. म्या ओके दाबतो."

"आणि उठवता किती वाजता याला?"

"दहा वाजून गेलेले असतेत."

"दहा वाजून गेल्यावर! मग दहाचा आवाज कसा येणार? लाईट आल्या आल्या उठवायचं म्हणून शंभरदा सांगितलं ना!"

"अगं, दहा म्हंजे आपल्या घड्याळात. खरं तर दहाच्या आतच की!"

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. भिंतीवरचं, कपाटावरचं गजराचं, अप्पांच्या मनगटावरचं. गल्लीत बहुतेक घरांत हीच तऱ्हा, पण आमच्याकडे कडक सोवळ्यासारखी. तरुणपणी अप्पांना गुलबर्ग्याला कंडक्टरच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं, आणि त्या सकाळी बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. दुसरी बस मिळेपर्यंत तिकडचं सगळं आटोपलं. अप्पा शेतीलाच राहिले. तेव्हापासून घड्याळं पुढं. आणि मजा अशी, की घड्याळ पुढं आहे हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे प्रत्येकजण बघताना मनात दहा वजा करतो. कुणी वेळ सांगितली की आम्ही विचारायचो, "घरची का खरी?"

म्हणजे अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटर दहाच्या आत उठत होता. मग दहाचं काम राहतं कसं? आणि आणखी एक भानगड. रोज संध्याकाळी मी आले की कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं गेलेलं दिसायचं. मी नेट जोडायची, बटण दाबून वेळ जुळवून घ्यायची, की बरोबर. दुसऱ्या संध्याकाळी परत पुढं.

"झोपल्यावर बिघडतंय त्याचं," अप्पा म्हणाले. "झोपलेल्याला काय येळ कळतीय?"

मला ते पटलंही. कारण सगळं झोपेभोवतीच फिरत होतं. झोपून उठतो, चौकट दाखवतो, काम चुकवतो, घड्याळ बिघडवतो. दुसऱ्या दिवशी मी संस्थेतल्या एका सरांना विचारलं. ते म्हणाले, आत एक रुपयाएवढा सेल असतो, लाईट नसताना घड्याळ त्यावर चालतं, जुना झाला असेल. मी स्टेशनजवळच्या दुकानातून सेल घेतला आणि घरी येऊन चहाही न पिता खोका उघडला. अप्पा बॅटरी धरून उभे. आई पलंगावरून विचारतेय, "काय निघालं गं आतून?" निघाली होती धूळ, एक मेलेली पाल आणि तो सेल. नवा बसवला, वेळ लावली. जिंकले, म्हटलं!

दुसऱ्या संध्याकाळी आले. घड्याळ पुढं. दहाचं काम चुकलं.

अशी चीड आली की खोका उचलून गटारात फेकावासा वाटला. पण बसल्याबसल्या एक गोष्ट चमकली, आणि मी उभीच राहिले. सेल मेला तर घड्याळ मागं पडेल! थांबेल! हे तर पुढं जातंय! थकलेला माणूस मागं राहतो, पुढं पळत नाही! मी हे आईला ओरडून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण माझा उत्साह बघून ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं."

रविवारी लाईट जात नसे, आणि त्या रविवारी अप्पाही लग्नाला गेले होते. मी यंत्राची परीक्षाच घ्यायची ठरवलं. घड्याळ खऱ्या वेळेला जुळवलं, हायबरनेट केलं आणि भिंतीतून पिन उपटली. एरवी लाईट जाते बरोबर तेवढा वेळ बाहेर अक्काशी बोलत बसले, पण जीव सगळा घरात. परत येऊन पिन लावली, बटण दाबलं. पडदा काळा, मग उजळला, मग कोपऱ्यातलं घड्याळ. अगदी बरोबर! सेकंदाचाही फरक नाही! थोड्या वेळानं दहा झाले आणि माझाच आवाज गरजला, "आई, थेंब घाल गं!" मागोमाग शेळी. मी आईला मिठीच मारली.

"निर्दोष आहे गं हा! झोपेचा काही दोष नाही! घड्याळ बरोबर, काम बरोबर!"

आई थेंब घालून डोळा मिटून पडली होती. ती हळूच म्हणाली, "आज दहाचा आवाज आला बग."

मी थांबले. "आज आला म्हणजे? रोज येत नव्हता?"

 मी तिच्या पलंगावर बसले. "तू मला रोज सांगायचीस, सगळे आवाज आले म्हणून."

"दहाचा न्हाई यायचा," ती म्हणाली. "आठाचा आला की मी मोजत बसायची. लई येळ झाला की वाटायचं, दहाचा गेला की काय. पर नक्की कळायचं न्हाई. उगं घालावा तर दोनदा झाला म्हंजे? मग बाराची वाट बघायची."

"मग सांगायचं ना मला! डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी!"

"सांगितलं आस्तं तर तू नोकरी सोडली आस्तीस."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिला काय काय बोलले. डोळा मोठा की नोकरी, असंही बोलले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्या डोळ्यानं म्या लई बगितलंय. तुला अजून बगायचंय."  मी उठून पाणी प्यायले. एक मात्र पक्कं केलं, उद्या रजा टाकायची आणि या दहाच्या चोराला रंगेहाथ धरायचा.

सोमवारी अप्पांना वाटलं मी गेले. मी गेले नव्हते, आतल्या खोलीत दाराआड बसले होते. आईला गप्प राहायला सांगितलं होतं. आठ वाजले, माझा आवाज आला, आईनं थेंब घातला. साडेआठला लाईट गेली, कॉम्प्युटर थोडा वेळ चालून गप झोपला. पावणेदहा होऊन गेल्यावर पंखा फिरायला लागला. जरा वेळानं अंगणात चपला वाजल्या. अप्पा आले, पाय धुतले, टोपी काढून खुंटीला लावली आणि मोठ्या मानानं खुर्चीवर बसून बटण दाबलं. पडदा उजळला. दहाला अजून आठ मिनिटं होती. सगळं अगदी वेळेवर! 

अप्पांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग परत भिंतीकडे. आणि तोंडानं चक् केलं. "झोपला की माघं पडतोस गड्या तू," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, ते मोठं गोल घड्याळ उघडलं आणि एका बोटानं, जीभ बाहेर काढून, वेळ भिंतीशी जुळवली. दहा वाजून दोन मिनिटं. ओके दाबलं.

दहा वाजलेच नाहीत! कॉम्प्युटरच्या जगात त्या दिवशी दहा वाजलेच नाहीत! दहाला आठ कमीवरून त्यानं एकदम दहाच्या पलीकडे उडी मारली, आणि माझा आवाज मधल्या खड्ड्यात पडला. मग आली ती चौकट, काम राहून गेलं म्हणून. अप्पांनी तीही ओके केली आणि भाकरीसाठी हात चोळत उठले.

"अप्पाऽऽ!"

ते इतके दचकले की खुर्ची पडली. "तू हितं कामून? बस चुकली व्हय?"

"बस नाही चुकली, थेंब चुकला! तुम्ही चुकवला! रोज चुकवला!"

मी आधी आईला थेंब घातला. मग अप्पांना खुर्चीवर बसवून समजावलं. यंत्र दहाची वाट बघत बसलेलं असतं. तुम्ही त्याला उचलून दहाच्या पुढं नेऊन ठेवता. त्याला दहा भेटतच नाहीत. रोज संध्याकाळी मी वेळ खरी करते, रोज सकाळी तुम्ही ती घरची करता. अप्पा आधी मान्यच करेनात. "सगळी घड्याळं पुढं हायत, हे एकच माघं कसं ठिवायचं? घरात दोन येळा आस्तेत व्हय?" मग माझा आवाज वाढला, त्यांचाही वाढला. अक्का दारात येऊन उभी राहिली. शेळीसुद्धा आली.

"पर दहाच मिनटं तर हायत," अप्पा म्हणाले.

"दहा मिनिटं नव्हेत अप्पा. पुढचा थेंब थेट बाराला! तेवढा वेळ आईचा डोळा कोरडा!"

तेव्हा ते थांबले. त्यांनी आईकडे बघितलं. ती पलंगावर डोळा मिटून, थेंबाचं पाणी गालावर आलेलं, तशीच पडून होती. अप्पा उठून तिच्या पायथ्याशी जाऊन बसले.  मग म्हणाले, "मला वाटलं, त्याची चूक सुधरवायलोय मी."

"व्हय वो," आई म्हणाली. "तुमाला काय ठाव."

मग मी कामाला लागले. अप्पांसाठी कॉम्प्युटरात वेगळं खातं उघडलं, ज्यातून सगळं बघता येईल पण वेळ बदलता येणार नाही. त्यांनी लगेच घड्याळावर टिचकी मारून बघितली. अधिकार नाही, अशी पाटी आली. मी वाचून दाखवली तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला अधिकार न्हाई?" शिवाय चुकलेलं काम यंत्र परत करत नाही, म्हणून दहाचा आवाज दर पाच मिनिटांनी असा तीनदा लावला. त्यातला एक चुकला तरी दुसरा सापडेल. थेंब घातला की पुढच्या आवाजांना आईनं फक्त "घातला गं बाई" म्हणायचं. आणि मुख्य म्हणजे अप्पांकडून शब्द घेतला, घरातली सगळी घड्याळं खरी करायची. त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं मागं घेतलं. कपाटावरचं घेतलं. "मनगटावरचं?" मी विचारलं. "केलं, केलं," म्हणत ते हात धुवायला गेले.

त्यानंतर एकही थेंब चुकला नाही. मी रोज यादी बघायची, सगळं झालेलं. पण डोळ्यात काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. आई विचारलं की म्हणायची, "बरं हाय." आणि तिच्या 'बरं हाय'वरचा माझा विश्वास उडाला होता.

सोलापूरला जायच्या दिवशी सकाळी सातची गाडी. मी आणि आई तयार होत होतो, मी भिंतीवर बघितलं, मनातल्या मनात सवयीनं दहा वजा केले आणि निवांत वेणी घालत बसले. अप्पा दारात नाचत होते. "चला, चला, गाडी जायलीय!"

"आहे अजून वेळ, अप्पा. उगं घाई करायलाव तुम्ही."

"आगं न्हाई येळ! चला म्हंतो ना!"

मग एकदम लख्खकन डोक्यात आलं, भिंतीवरचं घड्याळ आता खरं आहे! वजा करायचं नाही! अशी पळापळ झाली म्हणता! अप्पा पुढं धावले, मी आईला हाताला धरून मागं, एक चप्पल पायात, एक हातात. गाडी कोपऱ्यावरून वळत होती. अक्का दळण घेऊन गिरणीत चालली होती, तिनं ते बघितलं आणि डबा डोक्यावर घेऊन सरळ बसच्या पुढ्यात उभी राहिली. ड्रायव्हरनं कन्नडमधून तिचा उद्धार केला, तिनंही कन्नडमधूनच त्याला सव्याज परत केला. तेवढ्यात आम्ही चढलो. बसल्यावर अप्पा धापा टाकत म्हणाले, "बग तुझी खरी येळ! आज गेली आस्ती का न्हाई गाडी?" मला हसू आवरेना. आईही हसत होती, काळ्या चष्म्याआडून.

दवाखान्यात मात्र हसू पळालं. नंबर येईपर्यंत आई माझ्या आणि अप्पांच्या मध्ये बाकावर बसली होती. मग आत बोलावलं. डॉक्टरांनी पिवळं औषध सोडलं, दिवा लावला, तिची हनुवटी टेकवली आणि बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. 

"भरली," ते म्हणाले. "जखम भरली. बारीक डाग राहील, पण कडेला आहे, मधे नाही. थेंब आणखी काही दिवस चालू ठेवा. असेच वेळेवर."

 अप्पा डॉक्टरांच्या टेबलाला धरून उभे. "म्हंजे दिसंल तिला?" त्यांनी विचारलं. "हैदराबादला न्हाई जायचं?"

"त्यांनाच विचारा की," डॉक्टर म्हणाले. "मावशी, डोळा पुसून घ्या. समोर भिंतीवर काय आहे?"

आईनं पदरानं डोळा टिपला. भिंतीवर घड्याळ होतं. ती बघत राहिली. डोळा बारीक केला, परत मोठा केला. मग तिनं शेजारी उभ्या असलेल्या अप्पांचा टेबलावरचा हात उचलला, मनगट डोळ्याजवळ आणलं, त्यावरचं घड्याळ बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"काय वो," ती म्हणाली, "तुमचं अजून दहा मिनटं पुढंच हाय की!"

पळायच्या वेळी अप्पांना एकट्यालाच खरी वेळ कशी कळत होती, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं: मनगटावरच्या घड्याळातून दहा वजा केले की त्यांचं बरोबरच यायचं. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. पण मला समोरचं काही दिसतच नव्हतं, डोळे भरून आले होते. अप्पांनी हात मागं घेतला नाही. चोरी पकडली गेली म्हणून लाजलेही नाहीत. मनगट तिच्या डोळ्यासमोर तसंच धरून ते म्हणाले, "किती वाजलेत त्याच्यात? परत सांग. नीट बगून सांग."

आईनं परत बघितलं आणि सांगितलं.